मिशीवाल्या ताई

ताईंना मिशा होत्या. चांगल्या झुपकेदार, टोकांना किंचित वळलेल्या, आणि दर रविवारी सकाळी दुकानाच्या फळीला आरसा टेकवून ते त्या बारीक कात्रीने नीट करत बसत. पनवेलच्या जुन्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. अख्खं गाव त्यांना कासारकाका म्हणायचं, मीही तोंडावर काकाच म्हणायचे. पण मुंबईहून निघणाऱ्या बायकांच्या एका मासिकात 'मनातलं ताईंना सांगा' नावाचं सदर यायचं. कुठकुठल्या बायका त्यात आपली गाऱ्हाणी लिहून पाठवायच्या, आणि त्यांना उत्तरं देणाऱ्या त्या प्रेमळ, समजूतदार ताई म्हणजे हे मिशीवाले कासारकाका होते. ही गोष्ट त्यांच्याखेरीज जगात चौघांनाच ठाऊक होती: मासिकाचे संपादक, ताईंची बायको म्हणजे काकू, माझे यजमान आणि मी. बाहेर फुटली तर सदर त्याच दिवशी बंद होणार, हेही चौघांना ठाऊक होतं. त्यामुळे जपून राहायची सवय लागली होती, आणि माझ्या मनात मात्र त्यांचं नाव कायमचं ताईच पडलं.

मी त्या चौघांत कशी शिरले ते सांगते. लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा नव्वद साल उजाडायचं होतं. ह्यांना तळोज्याला रसायनांच्या कारखान्यात नोकरी होती, तीन पाळ्यांची, आणि ताईंच्या दुकानावरच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. एकदा किराण्याची यादी माझ्या हातून जिन्यात पडली. ती घेऊन ताई वर आले. "सूनबाई, हे अक्षर तुमचं?" मी हो म्हटलं. "बाईचं अक्षर आहे," ते म्हणाले, आणि खिशातून आपला एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. पोलीसपाटलाने पंचनामा लिहावा तसं ते अक्षर होतं. काही वाचक बायका उत्तरासाठी स्वतःच्या पत्त्याचं पाकीट आत घालत, आपलं दुखणं छापू नका, खाजगी कळवा म्हणत. ती उत्तरं ह्या अक्षरात कशी जाणार? "बाई असलं पत्र दार लावून उघडते," ताई म्हणाले. "आत पुरुषाचं अक्षर बघून दचकेल बिचारी." त्या दिवसापासून मी ताईंचं अक्षर झाले. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रीची पाळी ह्यांत नवरा वाटला गेला होता, मला इथे काळं कुत्रं ओळखत नव्हतं. मी आनंदाने हो म्हटलं.

ते ताई झाले ते भांडणातून. पूर्वी ह्या सदराची उत्तरं मासिकाच्या कचेरीतला जो रिकामा असेल तो लिहायचा. एका मुलीने लिहिलं होतं की नवरा माझ्याशी बोलत नाही. तिला उत्तर मिळालं, संध्याकाळी तो घरी येण्यापूर्वी केस विंचरून, हसतमुखाने दारात उभ्या राहा. काकू ते मासिक वाचून रद्दीत टाकायच्या, त्यातलं हे पान दुकानात बांगड्या गुंडाळताना ताईंच्या हाती लागलं. त्यांनी संपादकांना चार पानी पत्र ठोकलं: ती मुलगी दारातच उभी आहे, दोन वर्षं उभी आहे, तिला आधी बसायला सांगा. संपादक खूश झाले. पत्रावर नुसती आडनावाची सही होती, त्यामुळे त्यांनी 'आदरणीय भगिनी' म्हणून उलट टपाली सदरच देऊ केलं. खरं कळल्यावर ते थोडे गडबडले, पण उत्तरं सोडवत नव्हती. "बायकांना बाईच लागते," त्यांनी लिहिलं, "तेव्हा ताई हे नाव राहू द्या." ताईंनी राहू दिलं.

आता कासाराला बायकांचं मन कसं कळतं, हा प्रश्न ज्याने कधी बांगड्या भरून घेतल्या नाहीत त्यालाच पडेल. परका पुरुष भर बाजारात बाईचा हात हातात धरून बसतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, असा हा एकच धंदा. पण हात आखडलेला असला की बांगडी चढत नाही. बाईला हात सैल सोडा म्हटलं की ती तो आणखी आवळते. म्हणून ताई विचारायचे, आज बाजारात मेथी कशी दिली, धाकट्याचा खोकला गेला का, माहेरी कोण असतं. माहेर निघालं की बोटं सैल पडत आणि बांगडी अंगठ्यावरून अलगद मनगटात जाई. बाई मात्र बोलत राही. तीस वर्षं त्यांनी असं ऐकलं होतं. उत्तरं लिहितानाही त्यांची तीच रीत. पहिल्या परिच्छेदात सल्ला कधी नसायचा. "तुझ्या पत्रावर तेलाचा डाग आहे, तळता तळता लिहिलंस का? जप, हात भाजेल," असं काहीतरी असायचं. मला सुरुवातीला तो पाल्हाळ वाटायचा. एकदा मी तो गाळून थेट मुद्द्याला हात घातला, तर ताईंनी ते पत्र फाडून मला पुन्हा लिहायला लावलं.

मासिकाचं बाकीचं अंग मात्र निराळं होतं. मुखपृष्ठावर गोरीपान बाई, आत गोरं होण्याची मलमं, पाहुणे अचानक आले तर करायचे सात पदार्थ, आणि स्वेटरचे नमुने. पनवेलच्या उकाड्यात घामाच्या धारा पुसत मी दोन सुलट एक उलट करत बसायचे, कारण चांगली गृहिणी विणते असं त्यात होतं. चित्रातला नवरा टाय लावून खुर्चीत पेपर वाचत असायचा आणि बायको कपबशी पुढे करत असायची. माझा नवरा तळोज्याहून यायचा तो कारखान्याचा वास अंगात घेऊन. डोळे चुरचुरलेले, आधी बादलीभर पाणी, मग माणूस. ताई अशा चित्रांपाशी थबकायचे. "ह्या मासिकातल्या कुठल्याच नवऱ्याला घाम का येत नाही हो सूनबाई? आणि हिला चहा प्यायला कधी मिळतो?" त्यांना खरंच कुतूहल असायचं. चित्रातल्या बायका कुणासाठी नटल्यात, हे ते फार वेळ बघत बसत. त्यांचं मत होतं की ह्या बायका पुरुषाने बघाव्यात म्हणून काढलेल्या आहेत आणि विकत बायकांनी घ्यायच्या आहेत.

एका अंकात 'तुम्ही आदर्श पत्नी आहात का?' अशी प्रश्नावली आली. पतीच्या आवडीचा रंग कोणता, तो रागावला असता तुम्ही काय करता, असले वीस प्रश्न, आणि शेवटी गुण. मला सात पडले. सातच्या खाली लिहिलं होतं, 'वेळीच सावध व्हा.' हे दुपारपाळीला गेले होते, मी एकटी बसून चक्क रडले. डोळे पुसत खाली गेले तर ताईंनी काय झालं विचारलं. मी अंक पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि गंभीरपणे स्वतःच प्रश्न सोडवायला बसले. काकूंची आवड, काकूंचा राग, काकूंचं पथ्यपाणी, सगळं त्यांना पाठ. त्यांना अठरा गुण पडले. "मी आदर्श पत्नी निघालो," त्यांनी माजघराकडे तोंड करून जाहीर केलं. काकू आतून म्हणाल्या, "मग उठा आणि कणीक मळा." आणि ते खरोखर उठले. मी इतकी हसले की माझी सात गुणांची शरम तिथेच गळून पडली. पण असल्या प्रश्नावल्यांवर रडून लिहिलेली पत्रं ताईंना येत, त्यांना ते अठरा गुणांची ही गोष्ट सांगू शकत नव्हते. तेवढ्यापुरतं त्यांना आपलं ताईपण टोचायचं.

पत्रं लिहिणाऱ्या बायका नाव घालत नसत. 'एक दुःखी भगिनी', 'नाव नको' अशा सह्या. आम्ही त्यांना पोस्टाच्या शिक्क्यावरून ओळखायचो: मिरजेची, खामगावची, रोह्याची. त्यातली तळोज्याची बहीण आम्हां दोघांची लाडकी होती. ती बोलते तशीच लिहायची. 'ताई मी सातवी शिकलेली हाय. चुकला तर माफ करा.' सासू आणि नवऱ्याबरोबर राहायची. जमीन नव्या वसाहतीत गेली होती, नवऱ्याला रोजचं काम मिळत नव्हतं. तिची पत्रं लांबलचक असत, त्यात म्हशीपासून देवीच्या जत्रेपर्यंत सगळं यायचं, आणि शेवटी 'तुमच्याशी बोलून बरा वाटला' असं असायचं. त्या वेळी ताई मिशीवरून हात फिरवत. असा आनंद त्यांना दुकानात हिरव्या चुड्याचं मोठं गिऱ्हाईक आल्यावरही होत नसे.

मग तिचं एक निराळं पत्र आलं. तळोज्याच्या औषधांच्या एका कारखान्यात तिला पॅकिंगला घेणार होते. सहा महिन्यांनी, नवी शाखा सुरू होईल तेव्हा पहिल्या तारखेला हजर व्हायचं. तिला ते काम मनापासून हवं होतं. 'ताई, माझ्या नावाचा कार्ड भेटेल.' पण तिथे हातात काच चालत नव्हती. बांगडी फुटून औषधात तुकडा गेला तर? गेटवरच काढून ठेवायच्या. आणि सासू म्हणत होती, हात रिकामे करून बाहेर पाऊल टाकलंस तर परत ह्या घरात यायचं नाही. 'मी काय करू ते सांगा. तुमचा सांगना मी घरात वाचून दाखवीन. छापलेला म्हनजे सासू आयकेल.'

ह्या उत्तराला ताईंना तीन आठवडे लागले. मी त्यांना चिडवलं, काका, तुमच्या धंद्यावर गदा येते म्हणून पेन अडलं ना? त्यांना राग आला नाही. "माझ्या बापाने मला सांगितलंय," ते म्हणाले, "सवाष्णीचा हात रिकामा दिसला तर कासाराने वाटेत थांबून भरावा. आणि मी तिला काढ म्हणून लिहू?" शेवटी त्यांनी लिहिलं. खाडाखोड करून करून कागद फाटला होता. उत्तर असं होतं: मुली, संध्याकाळी घरी येऊन ज्या तू पुन्हा घालणार आहेस, त्या काढल्याने काही अशुभ होत नाही. गेटवर आपल्या हाताने उतरव, रुमालात बांध, घरी आलीस की देवासमोर बसून घाल. सासूबाईंना सांग, हे मी माझ्या आयुष्यभराच्या अनुभवावरून सांगते आहे. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं आणि आम्ही दोघं समाधानाने चहा प्यायलो.

पण तोपर्यंत मासिक बदललं होतं. घरोघरी रंगीत टीव्ही आले, जाहिराती वाढल्या, तसा मासिकाचा कागदही गुळगुळीत झाला. संपादकांनी परस्पर ठरवलं की ताई वाचकांना दिसल्या पाहिजेत. ज्या अंकात तळोज्याच्या बहिणीचं उत्तर होतं, त्याच अंकात शेजारी पाव पानाचा रंगीत फोटो होता. पस्तिशीची एक सुंदर बाई, झुळझुळीत साडी, मोत्याची सर, मऊ सोफ्यावर रेललेली. एका हातात पेन, मनगटावर नाजूक घड्याळ. खाली छापलं होतं: 'तुमच्या ताई'. काकूंनी अंक लांब धरून पाहिला. "तुमच्यापेक्षा बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. आम्ही सगळेच हसलो. ताई जरा कमी हसले. मी आत वळल्यावर त्यांनी तो फोटो पुन्हा काढून पाहिला, आणि ते पान पालथं घालून ठेवलं.

पुढच्या गठ्ठ्यात पत्रं पूर्वीपेक्षा जास्त होती, पण ती वेगळीच होती. 'ताई, तुम्ही चेहऱ्याला काय लावता?' 'तुमच्या साडीचा रंग कुठे मिळेल?' रोह्याच्या बाईने पहिल्यांदाच पत्राची सुरुवात 'आपल्यासारख्यांना त्रास देते' अशी केली होती. आणि तळोज्याच्या बहिणीच्या पत्रात जेमतेम पाच ओळी होत्या. ताईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. 'ताई, तुमचा फोटो पायला. मी उत्तर घरात वाचला. सासूने पुस्तक हातात घेतला आनि फोटोवर बोट ठेवला. बोलली, हिचं हात बग, मोकलं. ही सांगनार तुला? हिला कोन इचारतो? मना काय बोलता आला नाय. तुमी मोठ्या हाव. आता लिवनार नाय. माफी करा.'

ताईंनी संपादकांना लिहिलं, फोटो काढा. उत्तर आलं की वाचकांना आपली ताई अशी असावी असं वाटतं, आणि पत्रं वाढली आहेत हे आपणही पाहताच आहात. "आपली ताई निराळी आणि अशी असावी असं वाटतं ती ताई निराळी," ताई मला म्हणाले. "पहिलीशी बाई बोलते. दुसरीसमोर पदर सावरून बसते." तळोज्याच्या बहिणीचा पत्ता आमच्याकडे नव्हता, नावही नव्हतं. पहिली तारीख तीन आठवड्यांवर आली होती. ते रोज टपालाची वाट बघायचे आणि रोज काकूंना म्हणायचे, त्या पोरीचं काम माझ्यामुळे जाणार.

ती आली ती टपालाने नाही. आसपासच्या गावांतल्या बायका बांगड्या भरायला पनवेललाच येत. एका दुपारी मी आलेली पत्रं आणि उत्तरांचे कागद घेऊन दुकानात बसले होते, तेव्हा तिशीची एक काळीसावळी बाई फळीसमोर येऊन बसली. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "काका, सहज निघतील अशा भरा."

असं गिऱ्हाईक ताईंना तीस वर्षांत भेटलं नव्हतं. निघणार नाहीत अशा भरा म्हणणाऱ्या सगळ्या. त्यांनी हात धरला आणि विचारलं, "निघतील अशा का हो?"

"पयल्या तारखेला कामाला जायाचा हाय. गेटवर काढायला लागतात. लवकर निघाल्या तर सासूला कलायच्या आत परत घालीन."

ताईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद पदराखाली घेतले. बाई खाली मान घालून बोलत राहिली. "एका पुस्तकातल्या ताईंना इचारला व्हता मी. लय चांगल्या व्हत्या. मंग त्यांचा फोटो आला."

"आणि?"

"आनि काय. त्या मोठ्या बाई निघाल्या."

मला वाटलं होतं, ताई गप्प बसतील. पाच-सहा वर्षं जपलेलं गुपित, आणि समोर गावोगाव बोलणारी बाई. एक शब्द बाहेर गेला की सदर गेलं. ताईंनी तिचा हात तसाच हातात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या शेवटच्या मोठ्या पत्रात म्हैस आटली होती. पान्हा फुटला का?"

तिला कळायला वेळ लागला. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग मिशांकडे, मग माझ्याकडे. मी पदराखालून तिचं ते पाच ओळींचं पत्र पुढे केलं आणि तिने स्वतःचं अक्षर ओळखलं. मला वाटलं, ही आता रडेल किंवा उठून जाईल. तिला हसू फुटलं. तोंडावर पदर घेऊन ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आगो बाय," ती म्हणत होती, "मी तुमाला काय काय लिवला." तिचं नाव हिरा, आणि गाव ओवे.

दुसऱ्या दिवशी ताई बांगड्यांची पेटी घेऊन ओव्याला निघाले. बाईमाणूस बरोबर असावं म्हणून मला घेतलं. हिराची सासू ओटीवर भाजी निवडत बसली होती. कासार दारात आलेला पाहून तिने पाणी दिलं, पाट दिला, रीत म्हणून. ताईंनी सुनेच्या बांगड्यांचा विषय काढला, तशी म्हातारीने भाजी बाजूला सारली आणि आपले दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. सुरकुतलेले, कोपरापर्यंत मोकळे. तिचा नवरा ती पंचविशीत असताना होडीवरून पडून गेला होता, हे तेव्हा मला कळलं.

"मी रोज हे बगते," ती म्हणाली. "भाकरी थापताना बगते, भांडी घासताना बगते. सुनेचं असं बगायचं नाय मना. माझ्या पोराला काय झाला तर?"

इतके दिवस मी त्या सासूला मनात खडूस म्हणत होते. मला माझीच लाज वाटली. ताईंनी हळूच विचारलं, "आजी, तुमच्या कुणी काढल्या?"

"कोनी म्हंजे? बायांनी. धरून."

"हिच्या कुणी धरून काढणार नाही. ही आपल्या हाताने काढील आणि आपल्या हाताने घालील. मी तशा भरून देतो. मी कासार आहे, आजी. हे पुस्तकातल्या बाईचं सांगणं नाही, माझं आहे."

म्हातारीने सुनेला हाक मारली, "बस, भरून घे." ताईंनी पेटी उघडली. बांगडी मापापेक्षा सैल देणं त्यांच्या धंद्यात कमीपणाचं होतं. सैल भरणारा कासार म्हणजे आंधळा, असं ते इतरांना हिणवायचे. त्या दिवशी त्यांनी स्वतः एक माप मोठ्या बांगड्या काढल्या, हिराकडून चारदा काढून घालून पाहिल्या, आणि पाचव्यांदा म्हातारीला पाहायला लावलं. परतताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सूनबाई, म्हातारीचाही हात बांगड्या भरायला मागायला हवा होता. धीर झाला नाही."

हिरा पहिल्या तारखेला कामाला गेली. ताईंनी त्या महिन्याच्या सदरात ही सगळी हकीकत लिहिली, मिशांसकट. संपादकांनी ती परत पाठवली. लेख उत्तम आहे, पण ताईंच्या तोंडी शोभत नाही. ताईंनी तो लेख ट्रंकेत ठेवला आणि एक ओळीचं पत्र पाठवलं की तुमच्याकडे फोटो आहे, माझी गरज नाही. सदर पुढेही चालू राहिलं, त्याच फोटोखाली, कचेरीतला जो रिकामा असेल त्याच्या उत्तरांनी. मला वाटलं होतं ते खचतील. पण दोन महिन्यांत ओव्याच्या, मग शेजारच्या गावांच्या बायका दुपारच्या वेळी दुकानात यायला लागल्या. हिराने तोंड बंद ठेवलं नव्हतं. त्या भर बाजारात त्यांना "ताई" म्हणून हाक मारायच्या, आजूबाजूचे दुकानदार हसायचे, आणि ताई मिशीवरून हात फिरवत "ये, बस" म्हणायचे. इतकं सुखी मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

पुढे आम्ही खांदा कॉलनीत स्वतःचं घर घेतलं. मी एका शाळेत लागले. अजूनही कुणी आपलं दुःख सांगायला आलं तर मी आधी चहा विचारते आणि मुद्द्याला उशिरा येते. माझी मुलगी म्हणते, आई, किती फिरवून बोलतेस. तिला काय सांगणार.

ताई गेले तेव्हा दशक संपत आलं होतं. सकाळी मिशा नीट केल्या, दुकानात बसले, आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गेले. मी पोचले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. नात्यातल्या एक वयस्कर बाई उठल्या आणि काकूंचे हात धरायला पुढे झाल्या, जे करायचं असतं ते करायला. काकूंनी हात मांडीखाली घेतले. "त्यांनी भरल्यात," त्या म्हणाल्या. "काढायच्या तेव्हा मी काढीन. तुम्ही बसा." कुणीतरी रीत, शास्त्र असं काही म्हणालं. हिरा कारखान्यातून तशीच आली होती, तिच्या स्वतःच्या बांगड्या रुमालात होत्या. ती काकूंच्या शेजारी जाऊन बसली, आणि मी दुसऱ्या बाजूला बसले. मग कुणी पुढे आलं नाही.

तेराव्यानंतर काकूंनी दुकान उघडलं. विधवा बाई सवाष्णींना बांगड्या कशा भरणार, म्हणून आठ दिवस फळीसमोर कुणी फिरकलं नाही. काकू हातातल्या हिरव्या बांगड्यांसकट बसून राहायच्या, मीही शाळा सुटली की जाऊन बसायचे. नवव्या दिवशी हिरा आली, आपल्या सासूला हाताला धरून. म्हातारी आता सत्तरीच्या पुढची, दिसायचंही कमी झालं होतं. ती फळीवर टेकली, तिने काकूंची मनगटं चाचपून पाहिली, बांगड्या मोजल्यासारख्या केल्या, आणि मग आपला हात पुढे केला.

"तुझ्या हायेत ना," ती म्हणाली. "मंग माझ्याबी भर."

काकूंनी माप घेतलं. हिरव्या काढल्या तर आजी नको म्हणाल्या. त्यांना लाल हव्या होत्या.